कर्ट फ्लडच्या शेजारी कोण बसलं होतं?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकी विद्यापीठं आणि तिथलं सरकार यांच्यातल्या वादावरचा आपला अग्रलेख वाचला. सरकारी पैसा घेणाऱ्या विद्यापीठांनी सरकारच्या अटी मानायला हव्यात आणि न्यायाधीशांनी मैदानावरच्या पंचासारखं नुसता नियम लावून बाजूला व्हावं, असे दोन मुद्दे त्यात होते. मी मिझुरी राज्यातल्या सेंट लुईसमध्ये राहते. कायद्याची प्राध्यापिका आहे. राज्यघटना आणि मक्तेदारीविरोधी कायदा हे माझे विषय. बेसबॉल हा या शहरात घरोघरी चालणारा विषय आहे, तसा माझ्याही घरात आहे. आपल्या मुद्द्यांना उत्तर द्यायचं तर राजकारण, विद्यापीठ आणि बेसबॉल या तिन्हींबद्दल, आणि मालकांविरुद्ध कोर्टात गेलेल्या कर्ट फ्लड या बेसबॉल खेळाडूबद्दल बोलावं लागेल. पत्र लांबेल, तरी छापावं ही विनंती.

आधी पंच. ही उपमा इथे सर्वतोमुखी झाली ती १२ सप्टेंबर २००५ पासून. जॉन रॉबर्ट्स यांची सरन्यायाधीशपदासाठी सिनेटच्या समितीपुढे सुनावणी होती. पंच नियम करत नाहीत, ते लावतात. बॉल की स्ट्राइक, म्हणजे चेंडू ठरलेल्या कक्षेबाहेरून गेला की आतून, एवढं सांगणं हे आपलं काम, चेंडू टाकणं किंवा बॅट फिरवणं नाही, असं त्यांनी सांगितलं. ऐकायला हे फार छान वाटतं. पण बेसबॉल मनापासून पाहणाऱ्याला त्यातली उणीव लगेच दिसते.

फलंदाज जिच्या बाजूला उभा राहतो ती जमिनीत बसवलेली ‘होम प्लेट’ १७ इंच रुंद असते. तिच्यावर एक न दिसणारी चौकट उभी आहे असं मानायचं: खाली फलंदाजाच्या गुडघ्याच्या वाटीखालचा खळगा, वर खांदे आणि पँटचा वरचा काठ यांच्यामधला मध्य. चेंडू त्या चौकटीला शिवून गेला की स्ट्राइक. ही चौकट कायम तशीच राहिलेली नाही. १९६८ च्या हंगामात आमच्या कार्डिनल्स संघाच्या बॉब गिब्सननं अशी काही गोलंदाजी केली, की नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर सरासरी १.१२ धावा लागल्या. देशभर पिचरांचंच (गोलंदाजांचंच) राज्य होतं, फलंदाज हतबल झाले होते. म्हणून १९६९ पासून पिचर ज्या उंचवट्यावरून चेंडू टाकतो तो १५ इंचांवरून १० इंचांवर आणला आणि चौकटही आखूड केली. गिब्सनसारख्याचा त्यात तोटाच होता. पण नियम हंगामाआधी बदलला, उघडपणे बदलला आणि सगळ्या संघांना सारखा लागला. समजा, पाचव्या इनिंगमध्ये मैदानात फावडं घेऊन माणसं आली असती आणि एकट्या सेंट लुईसच्या पिचरसाठी उंचवटा खणू लागली असती, तर पंचानं काय करायचं? ‘मी फक्त बॉल-स्ट्राइक सांगतो’ म्हणून गप्प बसायचं? न्यायाधीशाची खरी परीक्षा तिथे असते. नियम कोणी बदलला, त्याला तो अधिकार होता का, सर्वांना तो सारखा लागला का, हे विचारणं हेच त्याचं काम आहे.

२०२६ च्या हंगामापासून पंचाच्या निर्णयावर यंत्राकडे दाद मागता येते. प्रत्येक संघाला दोन संधी; दाद खरी ठरली तर संधी शिल्लक राहते. ही दाद फक्त फलंदाज, पिचर किंवा कॅचर (फलंदाजामागे चेंडू झेलणारा) यांनीच मागायची, तीही तत्क्षणी. बाकावर बसलेल्या व्यवस्थापकाला तो अधिकार नाही, वरच्या काचेच्या खोलीत बसलेल्या मालकाला तर नाहीच. मला ही तरतूद मनापासून आवडली. चेंडू ज्याच्या अंगावर येतो त्यालाच बोलायचा हक्क दिला आहे.

राजकारण, विद्यापीठ आणि बेसबॉल या तीन गोष्टी एकाच माणसात कशा भेटतात हे पाहायचं तर विल्यम हॉवर्ड टाफ्ट यांच्याकडे पाहावं. हंगामाचा पहिला चेंडू राष्ट्राध्यक्षानं टाकायची प्रथा त्यांच्यापासून सुरू झाली, १४ एप्रिल १९१० रोजी, वॉशिंग्टनमध्ये. राष्ट्राध्यक्षपद गेल्यावर ते येल विद्यापीठात कायदा शिकवायला गेले आणि १९२१ मध्ये सरन्यायाधीश झाले. पुढच्याच वर्षी त्यांच्या कोर्टापुढे बाल्टिमोरच्या एका क्लबचा खटला आला. मोठ्या लीग (वरच्या दर्जाच्या संघांच्या संघटना) संगनमतानं आपल्याला संपवत आहेत, हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, अशी त्या क्लबची तक्रार होती. कोर्टानं एकमतानं निकाल दिला, तो न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिला: बेसबॉलचे सामने हा आंतरराज्य व्यापारच नाही, खेळाडू एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जातात ते केवळ आनुषंगिक, म्हणून तो कायदा इथे लागू नाही. १९२२ सालच्या या निकालानं बेसबॉलच्या मालकांना जी सूट मिळाली ती दुसऱ्या कुठल्याही व्यावसायिक खेळाला पुढे मिळाली नाही. १९५३ मध्ये कोर्टानं ती तशीच ठेवली.

त्या सवलतीच्या आडोशानं ‘राखीव कलम’ जगत राहिलं. खेळाडूचा करार एका वर्षाचा, पण तो आणखी वर्षभर वाढवण्याचा हक्क क्लबला. आणि वाढवलेल्या करारातही तेच कलम. म्हणजे एकदा सही केली की खेळणं संपेपर्यंत तो माणूस त्या क्लबचा. क्लब त्याला विकू शकतो, बदलू शकतो. त्याला मात्र दुसरीकडे जाता येत नाही.

मक्तेदारीविरोधी कायद्याच्या माझ्या वर्गात मी पहिल्या आठवड्यात कर्ट फ्लडचा खटला शिकवते. कार्डिनल्सचा हा सेंटर फील्डर सलग सात वर्षं क्षेत्ररक्षणाच्या ‘गोल्ड ग्लव्ह’ पुरस्काराचा मानकरी होता. १९६४ आणि १९६७ च्या विजेत्या संघांत तो होता. कृष्णवर्णीय, ओकलंडमध्ये वाढलेला. दक्षिणेतल्या छोट्या लीगमध्ये खेळताना गोऱ्या सहकाऱ्यांबरोबर उपाहारगृहात बसून जेवायचीही त्याला मुभा नव्हती. ऑक्टोबर १९६९ मध्ये त्याला कार्यालयातल्या एका दुय्यम अधिकाऱ्याचा फोन आला: तुला फिलाडेल्फियाला दिलं आहे. तो ३१ वर्षांचा होता, वर्षाला ९० हजार डॉलर मिळवत होता, त्याचं सगळं बस्तान सेंट लुईसमध्ये होतं. २४ डिसेंबरला त्यानं बेसबॉलचे कमिशनर, म्हणजे सर्वोच्च प्रशासक, बोवी कुन यांना पत्र लिहिलं. बारा वर्षं खेळल्यावर मी काही माझ्या इच्छेविरुद्ध खरेदी-विक्री करायची मालमत्ता आहे असं मला वाटत नाही, असं त्यात होतं. दुसऱ्या क्लबांशी बोलायची मुभा द्यायला कुन यांनी नकार दिला आणि फ्लड कोर्टात गेला.

कार्डिनल्सच्या बुश स्टेडियमपासून थोडं चाललं की जुनं कोर्टहाउस लागतं. ड्रेड स्कॉट आणि त्याची पत्नी हॅरिएट यांनी गुलामीतून सुटका मिळावी म्हणून १८४६ मध्ये दावा लावला तो याच शहरात, आणि तो चालला याच इमारतीत. १८५७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. मी विद्यार्थ्यांना दोन्ही ठिकाणं पायी दाखवते. ९० हजार डॉलर मिळवणाऱ्यानं गुलामीची भाषा करावी का, असा प्रश्न फ्लडला टीव्हीवर विचारला गेला होता. उत्तम पगार मिळणारा गुलामही गुलामच, असं त्याचं उत्तर होतं. त्या वाटेवरून चालताना ते उत्तर कोणाला भडक वाटत नाही.

आता माझ्या पत्राचा गाभा. खेळाडूंच्या संघटनेच्या प्रतिनिधींनी एकमुखानं खर्च उचलायचं ठरवलं. सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती आर्थर गोल्डबर्ग वकील म्हणून मिळाले. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा जॅकी रॉबिन्सन साक्षीला आला. हा तोच रॉबिन्सन, ज्यानं १९४७ मध्ये मोठ्या लीगमधली वर्णभेदाची भिंत पाडली. तेव्हा तो प्रकृतीनं थकलेला होता, तरी आला. हँक ग्रीनबर्ग आला. दोघंही निवृत्त. त्या वेळी खेळत असलेल्यांपैकी एकही जण साक्षीला आला नाही. नुसता येऊन मागच्या बाकावरही बसला नाही. ज्यांच्यासाठी तो भांडत होता त्यांना मालकांची भीती होती, आणि ती भीती खोटी नव्हती. म्हणून मला त्यांचा राग येत नाही, पण ते रिकामे बाक मनातून जातही नाहीत.

फ्लड तिन्ही कोर्टांत हरला. १९ जून १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ३ असा निकाल दिला. न्यायमूर्ती पॉवेल यांच्याकडे कार्डिनल्सची मालक असलेल्या बिअर कंपनीचे शेअर असल्यामुळे ते बाजूला राहिले होते. न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी आरंभी जुन्या खेळाडूंच्या नावांची लांबलचक प्रेमळ यादी दिली, बेसबॉलची सूट हा अपवाद आहे, विसंगती आहे, हेही मान्य केलं, आणि तरी पन्नास वर्षांचा पूर्वनिर्णय आम्ही मोडणार नाही, काँग्रेसनं (अमेरिकी संसदेनं) कायदा करावा, असं म्हणून हात वर केले. न्यायमूर्ती डग्लस १९५३ मध्ये बहुमतात होते. त्यांनी आता विरोधी निकालपत्र लिहून त्या मताचा पश्चात्ताप झाल्याचं सांगितलं आणि मूळ चूक सुधारायची तयारी दाखवली. नियमाचा आदर आणि नियमाची भीती यांत फरक असतो; तो समजावून देताना मी हीच दोन निकालपत्रं शेजारी ठेवते.

फ्लड एक हंगाम घरी बसला, १९७१ मध्ये वॉशिंग्टनकडून १३ सामने खेळला आणि बेसबॉल सोडून निघून गेला. पुढे जे झालं ते कोर्टानं केलं नाही. मार्व्हिन मिलर यांच्या नेतृत्वाखाली संघटनेनं १९७० च्या करारातच तक्रारींसाठी तटस्थ लवादाची तरतूद मिळवली होती. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली हे दोन पिचर १९७५ चा हंगाम नव्या करारावर सही न करता राहिले, आणि लवाद पीटर साइट्झ यांनी २३ डिसेंबर १९७५ रोजी ठरवलं की, करार वाढवायचा हक्क एकाच वर्षापुरता. त्यानंतर खेळाडू मोकळा. मालकांनी साइट्झना तडकाफडकी काढलं, कोर्टात गेले, हरले. डिसेंबर २०२४ मध्ये हुआन सोटोनं न्यूयॉर्क मेट्सशी १५ वर्षांसाठी ७६५ दशलक्ष डॉलरचा करार केला, त्याची मुळं इथे आहेत. काँग्रेसनं कर्ट फ्लडच्या नावाचा कायदा केला १९९८ मध्ये. तो जानेवारी १९९७ मध्येच गेला होता.

आता विद्यापीठांकडे येते. मार्च २०२५ मध्ये सरकारनं कोलंबिया विद्यापीठाचे ४०० दशलक्ष डॉलर रद्द केले. ११ एप्रिलला हार्वर्डला मागण्यांचं पत्र गेलं. १४ एप्रिलला हार्वर्डनं नकार दिला आणि त्याच दिवशी २.२ अब्ज डॉलरची अनुदानं गोठवली गेली. कारण सांगितलं गेलं ते ज्यू विद्यार्थ्यांना होणाऱ्या त्रासाचं. ही तक्रार मी हलकी मानत नाही. विद्यापीठांच्या आवारांत ज्यू विद्यार्थ्यांना जे सोसावं लागलं ते खरं आहे आणि त्याचा जाब विचारायलाच हवा. पण त्यासाठी कायदा आहे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सहावं प्रकरण सांगतं की, भेदभावाच्या कारणावरून अनुदान बंद करायचं असेल तर आधी नोटीस द्या, स्वखुशीनं सुधारणा होते का पाहा, सुनावणी घ्या, लेखी निष्कर्ष नोंदवा, काँग्रेसच्या संबंधित समित्यांना अहवाल द्या आणि त्यानंतर ३० दिवस थांबा. ‘पैसा सरकारचा, म्हणून अटी सरकारच्या’ हे आपलं वाक्य इथे अडतं. पैसा काँग्रेसनं मंजूर केलेला आहे आणि तो थांबवायच्या अटीही काँग्रेसनंच घातल्या आहेत. नकार आला त्याच दिवशी अनुदान गोठवणं म्हणजे पाचव्या इनिंगमध्ये फावडं घेऊन मैदानात उतरणं.

बोस्टनच्या न्यायाधीश ॲलिसन बरोज यांनी ३ सप्टेंबर २०२५ रोजी नेमकं हेच म्हटलं. कायद्यातली पद्धत पाळली नाही, आणि विद्यापीठानं नकार दिला म्हणून त्याच्यावर सूड उगवला, असे दोन्ही निष्कर्ष त्यांनी नोंदवले. बंद पडलेलं संशोधन आणि ज्यूद्वेष यांचा परस्परांशी फारसा संबंध नाही, हेही त्यांनी दाखवून दिलं. प्रयोगशाळेत रोगावर काम करणाऱ्या संशोधकाचा पैसा थांबवून आवारातल्या कुठल्या विद्यार्थ्याला संरक्षण मिळतं?

त्या ११ एप्रिलच्या पत्रातल्या मागण्या मी वर्गात १९५७ च्या एका निकालाशेजारी ठेवून वाचल्या. अर्थतज्ज्ञ पॉल स्विझी यांनी न्यू हॅम्पशायर विद्यापीठात व्याख्यान दिलं होतं. त्यात काय बोललात, असं राज्याच्या ॲटर्नी जनरलनं विचारलं; त्यांनी सांगायला नकार दिला आणि त्यांना शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयानं ती रद्द केली. न्यायमूर्ती फ्रँकफर्टर स्वतः पूर्वी कायद्याचे प्राध्यापक होते. त्यांनी आपल्या मतात विद्यापीठाची चार स्वातंत्र्यं उद्धृत केली: कोण शिकवेल, काय शिकवलं जाईल, कसं शिकवलं जाईल आणि कोणाला प्रवेश मिळेल, हे विद्यापीठानं ठरवावं. हे शब्द त्यांनी घेतले होते दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठांच्या निवेदनातून. तिथलं सरकार तेव्हा वर्णद्वेषी धोरण विद्यापीठांवर लादू पाहत होतं. हार्वर्डला गेलेल्या पत्रात प्राध्यापकांच्या नेमणुका, विभागांतल्या मतांचा समतोल बाहेरच्या तपासनिसाकडून मोजणं, शिक्षणक्रमांची तपासणी आणि परदेशी विद्यार्थी निवडताना त्यांचे विचार तपासणं, हे सगळं आहे. चारही दरवाज्यांच्या किल्ल्या मागितल्या आहेत.

पण मला सर्वांत जास्त लागलं ते दुसरंच. जुलै २०२५ मध्ये कोलंबियानं तीन वर्षांत २०० दशलक्ष डॉलर आणि वर २१ दशलक्ष द्यायचं मान्य करून तडजोड केली. त्याच महिन्यात ब्राउन, नोव्हेंबरमध्ये कॉर्नेल आणि नॉर्थवेस्टर्न. प्रत्येकानं वेगळं बसून, आपापल्या वकिलांसह, आपापली किंमत ठरवली. हार्वर्डचा खटला चालू असताना न्यूयॉर्कच्या त्या कोर्टातले रिकामे बाक मला वारंवार आठवत होते. हजारो कर्मचाऱ्यांचे पगार आणि प्रयोगशाळा ज्यांच्यावर अवलंबून आहेत त्या कुलगुरूंची भीतीही खोटी नाही, हे मला माहीत आहे. तरीही, ज्यांच्याकडे अब्जावधींच्या ठेवी आहेत त्यांनी एकत्र बसायला हवं होतं. ९० हजारांवर पाणी सोडणाऱ्या एका खेळाडूकडे तर तेवढंही नव्हतं.

ऑक्टोबर २०२५ मध्ये थोडं वेगळं घडलं. सरकारनं नऊ विद्यापीठांना एक करारपत्र पाठवलं: या अटी माना, अनुदानात प्राधान्य मिळेल. १० ऑक्टोबरला एमआयटीनं सर्वांत आधी नकार कळवला. काही दिवसांतच ब्राउन, पेनसिल्व्हेनिया, सदर्न कॅलिफोर्निया, व्हर्जिनिया, डार्टमथ यांनीही नकार दिला. यांत उन्हाळ्यात तडजोड केलेलं ब्राउनही होतं. एक उभं राहिलं आणि शेजारचे उठले. आपल्या अग्रलेखात या आठवड्यांचा उल्लेखही नाही.

विद्यापीठांची बाजू घेताना त्यांचं पाप झाकायची माझी इच्छा नाही. अमेरिकी फुटबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जिवावर त्यांनी वर्षानुवर्षं प्रचंड पैसा कमावला आणि ‘हौशी खेळाडू’ म्हणून त्या मुलांना वाट्यापासून दूर ठेवलं. मालकांचं राखीव कलम आणि हा प्रकार यांत मला तत्त्वाचा फरक दिसत नाही. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नऊ विरुद्ध शून्य असा निकाल त्यांच्या क्रीडासंघटनेविरुद्ध दिला, तेव्हा मला आनंद झाला. खेळाडूंच्या दाव्यात जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनं आता एकेका विद्यापीठाला पहिल्या वर्षी सुमारे २०.५ दशलक्ष डॉलरपर्यंत थेट खेळाडूंना देता येतात. उशिरा का होईना, न्याय झाला. माझ्या वर्गात विद्यापीठाच्या संघाकडून खेळणारी मुलं असतात. पहाटे सराव, मग प्रवास, मग रात्री निकालपत्रं वाचणं. फ्लडचं पत्र त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

आपल्या वाचकांचा या सगळ्याशी संबंध फक्त व्हिसापुरता आहे, असं अग्रलेख वाचून वाटतं. मे २०२५ मध्ये हार्वर्डची परदेशी विद्यार्थी घेण्याची मान्यताच सरकारनं काढून घेतली, तेव्हा तिथले सुमारे ६,८०० विद्यार्थी एका दुपारीत अधांतरी झाले. कोर्टानं लगेच मनाई दिली म्हणून ते वाचले. २०२३-२४ मध्ये भारतातून आलेले ३ लाख ३१ हजारांहून अधिक विद्यार्थी या देशात होते. त्यांतले कितीतरी मराठी घरांतले. मुलीला किंवा मुलाला इथे पाठवणारे आईवडील शुल्क, शिष्यवृत्ती, राहण्याची सोय, सगळं विचारतात. तुम्ही प्रवेश देताय त्या वर्गात काय शिकवायचं हे कोण ठरवतं, हेही त्यांनी विचारावं असं मला कळकळीनं वाटतं.

माझी आपल्याकडे एक मागणी आहे. हार्वर्डला गेलेलं ११ एप्रिल २०२५ चं पत्र सार्वजनिक आहे. आपण त्याचा संपूर्ण मराठी अनुवाद छापावा, आणि त्याच्याशेजारी १९६४ च्या कायद्यातलं ते अनुदानबंदीचं कलम. दोन्ही मिळून पानभर होतील. अनुवादाचं काम मी विनामोबदला करायला तयार आहे. मग आपल्या मताशी सहमत व्हायचं की माझ्या, हे वाचकांना मूळ मजकूर हातात घेऊन ठरवता येईल.

आपली,
कायद्याची एक प्राध्यापिका
सेंट लुईस, मिझुरी